नेमबाजामागची नेमबाज

१ ऑगस्ट २०२४ या दिवशी आपला पालघर जिल्हा दहा वर्षांचा झाला. त्याच दिवशी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात यायला ७२ वर्षं लागली. राधानगरी तालुक्यातलं खेडं, शिक्षक वडील, रेल्वेतली तिकीट तपासनिसाची नोकरी, गोळ्यांच्या खर्चासाठी घरच्यांनी काढलेलं कर्ज, अंतिम फेरीच्या सकाळी पोटात फक्त काळा चहा, हे सगळं पुढच्या आठवड्याभरात घरोघरी पोचलं. ते पोचायलाच हवं होतं.

स्वप्नीलनं पदकानंतर ज्यांना आपली दुसरी आई म्हटलं, त्या दीपाली देशपांडे मात्र बातम्यांत एखाद्या ओळीपुरत्याच आल्या. दीपाली स्वतः ऑलिंपियन आहेत. ज्या प्रकारात स्वप्नीलनं पदक जिंकलं, त्याच थ्री पोझिशन्सच्या महिला गटात त्या वीस वर्षांपूर्वी अथेन्सला भारताकडून खेळल्या होत्या. खेळाडू म्हणून त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि प्रशिक्षक म्हणून ते कळायला शिष्याचं पदक लागलं. हे पुस्तक त्यांच्यासारख्या, आधी स्पर्धेत उतरलेल्या आणि मग शिकवायला लागलेल्या माणसांविषयी आहे. ते वसई-विरारमधल्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि मुलांना मैदानावर सोडायला जाणाऱ्या पालकांसाठी तयार केलं आहे. नेमबाजी हा त्यातला एक खेळ, आणि दीपाली देशपांडे यांची कारकीर्द हे मला सर्वांत शिकण्यासारखं वाटलेलं उदाहरण. म्हणून प्रस्तावनेत त्यांच्याविषयीच सविस्तर लिहितो.

आधी खेळ समजून घेऊ. तो माहीत नसेल तर प्रशिक्षक नेमकं काय करतो हे कळणार नाही.

थ्री पोझिशन्स म्हणजे एकच रायफल तीन शरीरस्थितींतून चालवणं: नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग. लक्ष्य ५० मीटरवर असतं. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे साधारण काबुली चण्याएवढा. गोळी ५.६ मिलिमीटरची. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीतून वीस, एकूण साठ गोळ्या आणि जास्तीत जास्त ६०० गुण. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात. तिथे एका गोळीला फार तर १०.९ मिळतात.

नीलिंगमध्ये उजव्या हाताचा नेमबाज उजव्या पायावर बसतो. घोट्याखाली एक छोटी लोळी असते, तिच्यात भरण किती आणि ती किती घट्ट यावर सगळा तोल अवलंबून. डावा गुडघा उभा, त्यावर डावं कोपर, दंडाला पट्टा. पंधरा-वीस मिनिटांत पायाला मुंग्या येतात. पाय जरासा सरकवला तर नेम बदलतो, न सरकवला तर पाय बधिर होतो. प्रोन म्हणजे चटईवर पालथं पडून, दोन्ही कोपरं टेकवून. तीनही स्थितींत सर्वांत स्थिर तीच, म्हणून तिथे चूक परवडत नाही; सगळेच दहाच्या वर्तुळात मारत असतात. स्टँडिंगमध्ये पट्टा नाही, आधार नाही. रायफल आठ किलोपर्यंत वजनाची असू शकते, आणि तो भार स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेलायचा असतो. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, पाठ मागे झुकते, जाड कॅनव्हासचं ताठ जाकीट अंगाला धरून ठेवतं. तरीही नळी हलतच राहते. हृदयाचा ठोका नेम धरायच्या साइटमधून दिसतो. दोन ठोक्यांच्या मधे, श्वास अर्धा सोडलेला असताना, बोटानं ट्रिगर दाबायचा तो इतका हळू की गोळी सुटल्याचं नेमबाजाला स्वतःलाही आधी कळू नये. त्यात रेंजवरचे वाऱ्याचे झेंडे फडफडत असतात. झेंडा कुठल्या बाजूला किती उडतोय हे बघून साइटचे क्लिक फिरवावे लागतात किंवा वारा पडेपर्यंत थांबावं लागतं. थांबलं की वेळ जातो.

बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. एक माणूस निश्चल उभा आहे, एवढंच दिसतं. फिगर स्केटिंगमध्ये गुण जाहीर होताना खेळाडूशेजारी प्रशिक्षकही बसलेला असतो आणि कॅमेरा दोघांचे चेहरे दाखवतो. नेमबाजीत प्रशिक्षक फायरिंग लाइनच्या मागे असतो आणि कॅमेऱ्याला तो क्वचितच सापडतो. त्यामुळे त्याच्या कामाची कल्पना लोकांना येत नाही, यात नवल नाही.

दीपाली देशपांडे मुंबईच्या. त्यांच्या पिढीची नेमबाजी संजय चक्रवर्ती या नावाभोवती घडली. चक्रवर्ती द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी. एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेले. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, गगन नारंग, अयोनिका पॉल हे सगळे त्यांचे शिष्य. अंजली भागवत तेव्हाच्या अंजली वेदपाठक. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमुळे रायफल हातात आली आणि पुढे २००० मध्ये सिडनीला ऑलिंपिक नेमबाजीच्या अंतिम फेरीत पोचणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या काळात मुंबईच्या मुलींनी रायफल खांद्यावर घेऊन जगात उतरणं ही साधी गोष्ट नव्हती. आयात केलेल्या रायफली, मोजक्या गोळ्या, परवान्यांची कागदपत्रं आणि सरावासाठी वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, एवढ्या बळावर ही पिढी उभी राहिली.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताच्या महिला रायफल चमूत अंजली, सुमा आणि दीपाली होत्या. तिघीही चक्रवर्तींच्या. सुमा १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचून आठवी आली. दीपालींनी त्याच वर्षी क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत थ्री पोझिशन्सचं रौप्य जिंकलं होतं, पण अथेन्सला त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. अथेन्सहून देशाला एकच पदक मिळालं, राज्यवर्धन राठोडचं डबल ट्रॅपचं रौप्य. बाकी सगळ्यांची नोंद आपल्या मनात ‘पदक नाही’ एवढीच उरली. दीपालींना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाडू म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा आलेख आपल्या नेहमीच्या मोजमापानं इथेच संपतो.

मला या मोजमापाशी वाद घालायचा आहे, आणि या पुस्तकाचाही सगळा भर त्यावरच आहे. ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी हुकलेल्या खेळाडूकडे एक अशी माहिती असते, जी विजेत्याकडे कदाचित नसते. नेम कुठे सुटला, कोणत्या गोळीला घाई झाली, वारा वाचताना कुठे चुकलं, पहिल्या काही गोळ्यांत मन कुठे भरकटलं, हे तिला बारकाव्यानिशी आठवत असतं. ज्याला सगळं सहज जमलं त्याला ते कसं जमलं हे सांगता येत नाही. जिला झगडून जमवावं लागलं, तिला प्रत्येक टप्प्याचं नाव ठाऊक असतं. स्पर्धेतली कारकीर्द पुरी झाली नाही म्हणून शिकवणं पत्करलं, असं आपण प्रशिक्षकांविषयी सहज बोलून जातो. दीपालींच्या बाबतीत तरी ते साफ चुकीचं आहे. शिकवणं ही त्यांच्या स्पर्धेची पुढची पायरी होती, आणि माझ्या मते अधिक अवघड पायरी.

कारण आपल्याला जमतं ते दुसऱ्याच्या अंगात उतरवणं हे वेगळंच काम आहे. समोरच्याची हाडं वेगळी, हातांची लांबी वेगळी, स्वभाव वेगळा. कुणाला कोपर कमरेवर टेकवणं सोपं जातं, कुणाच्या हाताची लांबी त्याला आडवी येते. कुणी चुकीच्या गोळीनंतर गप्प होतो, कुणी पुढची गोळी घाईनं मारून भरपाई करायला जातो. चांगला रायफल प्रशिक्षक लक्ष्याकडे कमी आणि नेमबाजाकडे जास्त बघतो. खांदा किती उंच गेला, गाल स्टॉकवर प्रत्येक वेळी त्याच जागी येतोय का, गोळी सुटल्यावर नळी क्षणभर जागच्या जागी राहते की लगेच खाली येते. शेवटच्या या गोष्टीला फॉलो-थ्रू म्हणतात आणि नवख्याचं सगळं तिथेच उघड होतं. मग तासन्‌तास ड्राय फायरिंग: गोळी न भरता तेच सगळं, फक्त ट्रिगरची टक. एका गोळीचा आवाज न होता दिवस जातो. मुलांना यात मजा येत नाही. ती टिकवून ठेवणं हेही प्रशिक्षकाचंच काम.

दीपालींनी अनेक वर्षं भारताच्या ज्युनियर रायफल संघाबरोबर आणि पुढे राष्ट्रीय संघाबरोबर काम केलं. ती वर्षं भारतीय नेमबाजीसाठी कडू-गोड होती. २०१२ मध्ये लंडनला गगन नारंग आणि विजय कुमार यांनी पदकं मिळवली. त्यानंतर २०१६ ला रिओमध्ये एकही नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला भारताचे पंधरा नेमबाज गेले, तोवरचा सर्वांत मोठा चमू, आणि त्यांतला फक्त एक, सौरभ चौधरी, अंतिम फेरीत पोचला. पदक नाही. मग जे नेहमी होतं तेच झालं. प्रशिक्षकांची फळी बदलली, आणि त्यात दीपालींचं राष्ट्रीय प्रशिक्षकपदही गेलं.

या घटनेवर आपल्याकडे फार चर्चा झाली नाही. खेळाडू हरला तर त्याच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ निघतात; संघटनेचे पदाधिकारी स्वतःची बाजू मांडायला समर्थ असतात. प्रशिक्षकाच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. दहा वर्षं जिनं मुलं घडवली, तिचा हिशेब टोकियोच्या त्या मोजक्या दिवसांवर झाला. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याहून अधिक, देशाच्या दृष्टीनं तोट्याचं वाटतं. अनुभवी प्रशिक्षक तयार व्हायला दोन-तीन ऑलिंपिक चक्रं जातात. तो काढून टाकायला एक पत्र पुरतं.

दीपालींनी मात्र शिकवणं सोडलं नाही. राष्ट्रीय पद नसताना त्या वैयक्तिक प्रशिक्षक म्हणून आपल्या नेमबाजांबरोबर राहिल्या. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत एअर रायफलचं रौप्य मिळवून ऑलिंपिक कोटा, म्हणजे देशासाठी ऑलिंपिकमधली एक जागा, आणणारी अंजुम मुद्गिल त्यांच्या मार्गदर्शनाखाली खेळलेली. आणि स्वप्नील.

स्वप्नीलचा पाया महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातला गेला, विश्वजित शिंदे यांच्या हाताखाली. हे आवर्जून लिहितो, कारण एका प्रशिक्षकाचं श्रेय सांगताना दुसऱ्याचं पुसलं जाऊ नये. शिंदेही स्वतः नेमबाज. स्वप्नील आधी प्रोनमधला तगडा खेळाडू. २०१५ मध्ये कुवेतला आशियाई स्पर्धेत ज्युनियर गटाचं प्रोनचं सुवर्ण त्यानं जिंकलं. पण रिओनंतर पुरुषांचा ५० मीटर प्रोन हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. ज्यात हातखंडा, तो प्रकारच उरला नाही. आता ऑलिंपिकला जायचं तर थ्री पोझिशन्स, म्हणजे नीलिंगही आणि स्टँडिंगही. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या स्वप्नीलला पहिलं ऑलिंपिक २०२४ मध्ये मिळालं. मधली बारा वर्षं कशात गेली याचं उत्तर बऱ्याच अंशी या तीन स्थितींत आहे.

२०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि देशासाठी ऑलिंपिक कोटा मिळवला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण, ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर आणि अखिल शेओरानबरोबर. पण त्याच स्पर्धेच्या वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर असताना स्टँडिंगमध्ये एक गोळी ७.६ ला गेली. एकच. त्या गोळीनं तो पहिल्यावरून चौथ्यावर घसरला. नेमबाजाच्या डोक्यात अशी गोळी वर्षानुवर्षं राहते. पुढच्या प्रत्येक अंतिम फेरीत, स्टँडिंगला उभं राहिलं की ती आठवते.

आता शातोरूची अंतिम फेरी पाहा. पात्रतेत ५९० गुण, सातवा. अंतिम फेरीत नीलिंगच्या पंधरा गोळ्यांनंतर तो सहावा, प्रोननंतर पाचवा. मग स्टँडिंग. हांगझोऊला जिथे घात झाला, तिथेच. या स्थितीत इतरांचे गुण खाली येऊ लागले आणि त्याचे स्थिर राहिले. तो तिसऱ्या जागेवर आला आणि तिथेच टिकला. चीनच्या लिऊ युकुनला सुवर्ण, युक्रेनच्या सेर्ही कुलिशला रौप्य, आणि ४५१.४ गुणांवर स्वप्नील कुसाळेला कांस्य. त्यानं गुणफलक पाहिलाच नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. ज्या स्थितीनं दहा महिन्यांपूर्वी पदक हिरावलं, त्याच स्थितीनं ते दिलं. हा योगायोग नाही. या दहा महिन्यांत जे काम झालं असेल ते कुठल्याही व्हिडिओत दिसणार नाही, पण निकालपत्रिकेत ते स्पष्ट वाचता येतं. ज्यांना आकड्यांतून खेळ वाचायचा आहे त्यांनी पदकतक्त्याऐवजी हे टप्प्यांचे गुण बघावेत.

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते स्वप्नीलनं अर्जुन पुरस्कार घेतला आणि त्याच समारंभात दीपाली देशपांडे यांनी द्रोणाचार्य पुरस्कार. त्यांचे गुरू संजय चक्रवर्तीही द्रोणाचार्य. त्यांच्या गुरुभगिनी सुमा शिरूर यांनाही २०२२ चा द्रोणाचार्य मिळाला. पनवेलजवळ त्यांनी नेमबाज घडवले आणि टोकियो व पॅरिस अशा सलग दोन पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी अवनी लेखरा त्यांची शिष्या. गगन नारंगनं पुण्यात अकादमी काढली. म्हणजे मुंबईतल्या एका प्रशिक्षकाच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे स्वतः शिकवायला लागली आणि त्यांच्या शिष्यांनी पदकं आणली. संगीतात आपण घराणं मानतो, कुस्तीत तालीम मानतो. नेमबाजीतही महाराष्ट्रात एक परंपरा उभी राहिली आहे, आणि ती बहुतांशी महिलांनी चालवली आहे. तिचा सलग इतिहास कुणीतरी मराठीत लिहायला हवा. या पुस्तकातली प्रकरणं त्याची सुरुवात म्हणून वाचावीत.

वसई-विरारला यातून काय घेता येईल? आपल्याकडे खेळाची हौस कमी नाही. दरवर्षी कला-क्रीडा महोत्सवात हजारो मुलं उतरतात, २०११ पासून मॅरेथॉन होते. विरारच्या पृथ्वी शॉनं लहानपणी लोकलनं क्रिकेटचं किट वाहिलं, हे इथल्या प्रत्येक पालकाला पाठ आहे. पण किट घेऊन गर्दीच्या लोकलनं दक्षिणेला जाणं हाच इथल्या मुलांसाठी एकमेव मार्ग असावा का? विरारहून दादरला उतरून वरळी गाठायची आणि परत यायचं, यात शाळकरी मुलाचा सगळा दिवस जातो. सरावाला उरतो तो शिणलेला जीव.

५० मीटरची रेंज उभारणं सोपं नाही. जागा लागते, परवाने लागतात, सुरक्षेचे कडक नियम पाळावे लागतात. १० मीटर एअर रायफलचं तसं नाही. शाळेच्या एखाद्या लांबट सभागृहात, योग्य भिंत आणि देखरेख असेल तर, ती सुरू होऊ शकते. ठरावीक क्षमतेच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवान्याचीही गरज नसते. जागा आणि साहित्य पैशानं मिळतं. शिकवणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर टिकत नाही, कारण आपण त्याला महिन्याचं मानधन देतो ते उपकार केल्यासारखं. राज्य पातळीवर खेळलेल्या, लग्नानंतर किंवा नोकरीमुळे खेळ सुटलेल्या मुली नालासोपारा, वसई, विरारच्या इमारतींतून राहतात. कुणी कबड्डी खेळली आहे, कुणी मल्लखांब, कुणी जिम्नॅस्टिक्स. त्यांना शोधून काढून नियमित पगारावर शाळांत आणणं, हे कुठल्याही नव्या क्रीडासंकुलापेक्षा लवकर फळ देणारं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी चालतील. क्रीडाशिक्षकांनी सरावाच्या पद्धतींचं प्रकरण मात्र आधी वाचावं आणि पालकांनी खर्चाचं. एक विनंती सर्वांनाच आहे. यंदाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, तालुक्याच्या स्पर्धेत किंवा महोत्सवाच्या बक्षीस समारंभात विजेत्या मुलाचं नाव पुकाराल, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाचंही नाव पुकारा, आणि त्याला किंवा तिला मंचावर बोलवा.